शैक्षणिक कर्ज फिटत नसेल किंवा पदवी अडली असेल, तर नेमके काय मागावे

आपल्या सांगली-साताऱ्याकडे ‘कर्जमाफी’ म्हटले की २०१७ आणि २०१९ च्या शेतकरी योजना आठवतात, आणि मुलीच्या शिक्षणाचे कर्जही आज ना उद्या माफ होईल, या आशेवर काही पालक हप्ते थांबवतात. त्या योजना शेतीकर्जाच्या होत्या. अमेरिकेतील विद्यार्थी कर्जमाफीच्या बातम्या मोबाइलवर फिरतात, त्यांचा आपल्या बँकांशी संबंध नाही. शिवाय तेथील मोठी माफी योजना तेथल्याच सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये रद्द केली. म्हणून अर्जात ‘माफी’ हा शब्द न लिहिता, जे नियमात बसते तेच नाव घेऊन मागावे.

पहिली मागणी व्याज अनुदानाची. दरवर्षी १ लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख उचलले आणि व्याज १० टक्के सरळ धरले, तर शिक्षणाची चार वर्षे व पुढचे एक वर्ष मिळून १,४०,००० रुपये नुसते व्याज साचते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत बसत असतील, तर हा भार सरकार उचलते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला शाखेत वेळेवर द्यावा लागतो. दाखला फाईलमध्ये लागला असला, तरी अनुदानाचा दावा पुढे गेला का, हे दरवर्षी स्वतः विचारावे. माझ्या पाहण्यात बहुतेक नुकसान याच टप्प्यावर होते. आजारपणासारखे कारण नसताना शिक्षण मध्येच सोडल्यास हे अनुदान मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी मागणी मुदतीची. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते आणि १५ वर्षांपर्यंत चालू शकते. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला नाही तर दोन वर्षांपर्यंत वाढ देता येते, आणि नोकरी गेल्यास किंवा न मिळाल्यास परतफेडीच्या काळात दोन-तीन वेळा हप्ते थांबवण्याची तरतूद आहे. मात्र हा अर्ज हप्ता चुकण्याआधी गेला पाहिजे. ९० दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादित (एनपीए, म्हणजे थकीत) ठरते, सहकर्जदार वडिलांचाही सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारी नोंद) खराब होतो, आणि मग शाखाधिकाऱ्याची इच्छा असूनही हात बांधले जातात. एकरकमी तडजोड, म्हणजे ठरलेली कमी रक्कम एकदाच भरून खाते मिटवणे, हा तर अगदी शेवटचा उपाय समजावा, कारण तिची नोंदही सिबिलमध्ये राहते.

आता पदवीविषयी. संकटकाळात परीक्षाच माफ होते, हा समज २०२० मध्येच दूर व्हायला हवा होता. कोरोनात महाराष्ट्र सरकारने अंतिम वर्षाची परीक्षा न घेण्याचा निर्णय घेतला होता, पण २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. फार तर राज्य मुदत वाढवून मागू शकते. त्यामुळे आपणही सूट मागताना ‘परीक्षा नको’ असे न म्हणता, कमी भरलेली हजेरी वैद्यकीय किंवा आपत्तीच्या कारणाने ग्राह्य धरावी, बुडालेल्या विषयाची पुरवणी परीक्षा मिळावी, प्रकल्प सादर करण्याची तारीख वाढावी, असे एकेक कारण व एकेक मागणी प्राचार्यांमार्फत विद्यापीठाकडे करावी. संलग्न महाविद्यालयाचा अर्ज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे जातो. स्वायत्त महाविद्यालयात तेथील परीक्षा नियंत्रकांकडे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. पाणी उतरल्यावर गावभागातल्या एका मुलीची फाईल मी पंख्याखाली वाळवायला मदत केली. एका गुणपत्रिकेची शाई वर्तमानपत्राला लागून आली होती. तिच्या कामी आला तो तलाठ्याचा पंचनामा. दुय्यम गुणपत्रिकेच्या अर्जाला एक प्रत, हजेरीच्या अर्जाला एक आणि बँकेतल्या मुदतवाढीच्या अर्जाला एक, अशा तीन प्रती आम्ही जोडल्या.

प्रत्येक अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख व सही घ्यावी. अर्जावर काही झाले नाही तर बँकेकडेच लेखी तक्रार द्यावी; तिला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ती फेटाळली गेली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तीस दिवस मोजले जातात ते त्या तक्रारीवरच्या आवक शिक्क्याच्या तारखेपासून.