हॉस्पिसमध्ये नव्याने जाणाऱ्या स्वयंसेवकांनो, आधी चमचा खाली ठेवा

हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णाची शेवटच्या दिवसांतली काळजी. तिथे नव्या स्वयंसेवकांना धास्ती असते ती कॅथेटरची (लघवीच्या नळीची), जखमेच्या ड्रेसिंगची. ती कामं नर्सची आहेत, तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. घात होतो तो चमचाभर पाण्याने.

शेवटच्या दिवसांत गिळण्याची ताकद जाते, भूकही मंदावते. शरीर थांबत आलेलं असतं म्हणून खाणं सुटतं. घरच्यांना वाटतं, खात नाही म्हणून चाललाय. मग ‘दोन घास तरी’ म्हणत पेज भरवली जाते आणि मदतीच्या भरात तुम्हीही पुढे सरसावता. गुंगीतल्या, आडव्या माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, त्यातून न्यूमोनिया होतो. ठसका लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. फार अशक्त माणसाला ठसकाही येत नाही. घोटानंतर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा झाला तर लगेच थांबा.

नर्सने हो म्हटलं असेल आणि रुग्ण पूर्ण जागा असेल तरच पाजा. पाठीला उशा लावून बसवा, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा. गिळलं की मगच पुढचा. नाहीतर नुसतं तोंड ओलं ठेवा: गॉज भिजवून घट्ट पिळा, ओठ, आतून गाल, जीभ हलक्या हाताने पुसा, ओठांना व्हॅसलीन लावा. दात आवळले असतील तर बोट आत घालू नका. हे काम मुलीला, सुनेला शिकवा. त्यांचे हात रिकामे राहिले की पुन्हा चमचाच उचलला जातो. गंगाजळावरून वाद घालू नका. एक थेंब ओठांवर, तुळशीचं पान ओठांना टेकवलेलं, बस्स.

वेदना कमी करणाऱ्या मॉर्फिनची साधी गोळी बहुधा दर ४ तासांनी असते. तिने बद्धकोष्ठ होतं, म्हणून सोबत रेचक देतात. पोट कधी साफ झालं ते विचारा, नर्सला कळवा. डोसबद्दल अवाक्षर काढू नका.

ऑनलाइन सर्टिफिकेटांवर माझा विश्वास नाही. कमी बोलणारी एखादी जुनी नर्स गाठा आणि तिच्यासोबत घरं फिरा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालतं, नुसतं शेजारी बसलेलंही घरच्यांना पुरतं.

ठाणे-नवी मुंबईतल्या कळवा-ऐरोलीकडे गृहभेटींना जाणार असाल तर कुटुंबाला एक गोष्ट आधीच विचारून ठेवायला सांगा: घरी मृत्यू झाला तर ‘फॉर्म ४ए’ (मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला) कोणता डॉक्टर भरून देणार? स्मशानात कागद मागतात, आणि पहाटे ३ वाजता अनोळखी डॉक्टर सही करायला तयार होत नाही. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, तेही त्याच भेटीत बघून घ्या.