चेनसॉ कापताना एका अंगाला ओढतोय? दातांना मार्कर लावा

काप सरळ न जाता वळत असेल, तर बहुतेकदा एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लांब किंवा बोथट राहिलेले असतात. कानस चालवताना एका बाजूवर हाताचा जोर जास्त पडतो, त्यामुळे हे होतं.

१. इंजिन बंद करून गार होऊ द्या, हातमोजे घाला.
२. सर्वांत आखूड दात शोधा. बाकीचे दात त्याच्याच लांबीला आणायचे.
३. प्रत्येक दाताच्या कापणाऱ्या उतारावर मार्करची शाई लावा.
४. गोल कानस आतून बाहेर ढकला, ३० अंशात, दोन-तीन हात. परत आणताना उचला, घासत आणू नका. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे साखळीच्या रिव्हेटांमधलं सरासरी अंतर) साखळीला ४.८ मिमी कानस, ३/८ इंच पिचच्या लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या साखळीला ४ मिमी.
५. शाई बघा. धारेलगत रेघ उरली, तर कानस धारेपर्यंत पोचलीच नाही. कोन सुधारा आणि पुन्हा फिरवा.

धार बरोबर असेल तर ढलप्या उडतात, पीठ नाही.

दात किती खोल जाईल हे ठरवणारा दातापुढचा उंचवटा गेज (उंची मोजायची पट्टी) लावल्याशिवाय घासू नका. तो जास्त उतरला की दात लाकडात खोल घुसतो आणि चेनसॉ उसळून अंगावर येऊ शकतो.