झळाळणारं टेरेन मलूल का दिसतं? या चुका टाळा

टेबलटॉप युद्धखेळाच्या टेरेनसाठी, म्हणजे टेबलावर मांडायच्या छोट्या भूप्रदेशासाठी, स्फटिकांची गुहा किंवा लाव्ह्याने भेगाळलेली जमीन करायची ठरली, की बहुतेक जण आधी सगळ्यात भडक रंगाची बाटली शोधतात. गडबड तिथूनच सुरू होते. झळाळी दिसते ती आजूबाजूच्या काळोखामुळे. ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग) मारून मारून दगड पांढरट केला असेल, तर त्याच्या शेजारी कुठलाही हिरवा मलूलच दिसणार. तेव्हा भडक रंगाचा आणखी एक थर चढवण्याआधी बाकीचा भाग गडद करून पाहा. निम्म्या वेळा काम तिथेच होतं.

उजेड उलटा पडलाय

लाव्हा रंगवताना सवयीने हात उंचवट्यांवर फिकट रंग मारतो आणि खाचांत गडद वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) सोडतो. साध्या दगडाला हे ठीक. लाव्ह्याचा उजेड मात्र भेगेतून वर येतो, म्हणून क्रमही उलटा: तळाशी पांढरा, मग पिवळा, नारिंगी, लाल आणि सगळ्यात वर थंड झालेली काळी खपली. वॉश आधीच मारून झाला असेल तर भेगेत पुन्हा पांढरा भरा आणि पातळ ग्लेझ (रंगाचे पारदर्शक थर) देत वर या.

स्फटिकाचा उजेड शेजारच्या भिंतीवर दाखवताना दोन गोष्टी सुटतात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो, म्हणजे रंग चटकन विरायला हवा. आणि तो फक्त स्फटिकाकडे तोंड असलेल्या बाजूंवर पडतो. एअरब्रश (हवेने रंग फवारणारं पेनसारखं साधन) हातात आला की या दोन्हींचा विसर पडतो आणि सगळ्या गुहेवर हिरवं धुकं बसतं. त्यापेक्षा खोलीत अंधार करा, स्फटिकाच्या जागी छोटा टॉर्च धरा आणि फोटो काढा. तो समोर ठेवून रंगवा. भिंतीवरचा उजेड स्फटिकाहून प्रखर झाला, तर डोळा फसत नाही.

फ्लुरोसंट आणि रात्री चमकणारा रंग

हे दोन वेगळे रंग आहेत. फ्लुरोसंट रंग पारदर्शक असतात, काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) ते जवळजवळ नाहीसे होतात. खाली पांढरा हवाच. उन्हात ते लवकर उडतात, म्हणून मॉडेल खिडकीजवळ ठेवू नका. अंधारात चमकणारा रंग मात्र आधी उजेड साठवतो आणि मग सावकाश सोडतो. तो रवाळ असतो. पांढऱ्यावर त्याचे दोन-तीन थर द्या आणि वरून दुसरा रंग लावू नका. अतिनील किरण अडवणारं वार्निश त्यावर मारलंत, तर तो नीट चार्जच होणार नाही.

फोम विरघळला

स्प्रे रंगातलं सॉल्व्हंट थर्माकोल आणि एक्सपीएस फोम (त्याहून दाट फोमची शीट) दोन्ही खातं. आधी पांढरा ग्लू आणि काळा अ‍ॅक्रिलिक यांचं मिश्रण लावा. कापलेल्या कडा आणि खाचा सोडू नका, स्प्रे तिथूनच आत शिरतो. पडलेला खड्डा उल्कापाताचा म्हणून एकदा खपतो. दुसऱ्यांदा फिलर भरा.

एलईडी

स्फटिक आतून खरोखर उजळायला एलईडी लावणार असाल, तर इथे घाई महागात पडते. नऊ व्होल्टची बॅटरी आणि पांढरा एलईडी थेट जोडला तर तो क्षणभर लख्ख पेटतो आणि मरतो. एलईडीला सुमारे 3 व्होल्ट लागतात. उरलेले 6 व्होल्ट 330 ओहमच्या रेझिस्टरवर (प्रवाह रोखणाऱ्या छोट्या भागावर) सोडले की प्रवाह 18 मिलीअँपिअरच्या आसपास राहतो. लाल आणि निळा एलईडी एकाच रेझिस्टरवर समांतर जोडलेत, तर लाल पेटेल आणि निळा जवळपास विझलेला राहील, कारण लाल कमी व्होल्टेजवर चालू होतो. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्या. एलईडी पेटतच नसेल तर आधी पाय उलटे लागलेत का बघा. लांब पाय धन बाजूला.

नको तिथून, फोमच्या भिंतीतून उजेड झिरपत असेल तर आतून काळा रंग द्या. अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावायचा मोह झाला तर उघड्या तारा आधी झाका, नाहीतर शॉर्ट होईल. एलईडीचा ठिपका डोळ्यांत टोचत असेल तर त्याचं टोक सँडपेपरने घासा. बॅटरी चिकटवून टाकू नका, बदलता आली पाहिजे. बटण सेल वापरत असाल तर स्क्रूचं झाकण हवंच. लहान मुलाने तो गिळला तर जिवावर बेतू शकतं.

स्फटिक चिकटवण्याआधी 32 मिलिमीटर बेसची एक मिनिएचर (खेळातला छोटा पुतळा) प्रत्येक पातळीवर उभी करून पाहा. घसरत असेल, तर स्फटिक त्याच वेळी सरकवा.