टेस्टर 'रिप्लेस' म्हणाला तरी आधी चार्जिंगला लावा

माझ्या दुकानात लोक गाडीची बॅटरी तपासणाऱ्या इलेक्ट्रॉनिक टेस्टरची छापील चिठ्ठी हातात घेऊन येतात. चिठ्ठीवर 'रिप्लेस' छापलेलं असतं आणि ते थेट नव्या बॅटरीचा भाव विचारतात. मी भाव सांगायच्या आधी जुनी बॅटरी काढून चार्जिंगला लावतो. त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत परत बसतात. यंत्रात बिघाड नसतो. उतरलेली बॅटरी, चुकीचा आकडा किंवा बोल्टवर लावलेले चिमटे यातलं जे काही यंत्राला मिळतं, त्यावरूनच ते उत्तर काढतं. प्रश्न चार-पाच हजारांचा असतो. म्हणून अकोल्याच्या आमच्या दुकानात मी ज्या क्रमाने बॅटरी तपासतो, तो सगळा लिहितोय. तुमच्याकडे टेस्टर असेल तर स्वतः करा. नसेल तर समोरचा काय करतोय याकडे लक्ष ठेवा.

आधी हे यंत्र करतं काय ते समजून घ्या. जुना हाय रेट डिस्चार्ज टेस्टर बॅटरीवर मोठा लोड टाकायचा. त्याची पट्टी तापून लाल व्हायची आणि त्या दहा-पंधरा सेकंदांत व्होल्टेज किती तग धरतं ते काटा दाखवायचा. इलेक्ट्रॉनिक टेस्टर बॅटरीत छोटे विद्युत संकेत सोडतो आणि व्होल्टेजमध्ये होणारा अगदी बारीक फरक मोजतो. त्यावरून तो कंडक्टन्स काढतो, म्हणजे आतून करंट किती सहज वाहू शकतो ते. ही पद्धत अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले कीथ चॅम्पलिन यांनी १९७०च्या दशकात काढली. प्लेटांचा जितका भाग अजून कामाचा, तितका कंडक्टन्स जास्त. प्लेटांवर सल्फेट जमलं, प्लेटांची जाळी गंजली, तिच्यात भरलेला मसाला झडला की तो घटतो. पण बॅटरी नुसती उतरलेली असली तरीही तो घटतो, आणि सगळा घोळ इथेच होतो.

आता तयारी. इंजिन बंद, किल्ली काढलेली, दारं लावलेली, दिवे, पंखा, टेप सगळं बंद. चार्जर लावलेला असेल तर तो काढा. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. पॉझिटिव्ह पोल आणि बॉडीच्या मध्ये सापडलं तर बोट भाजतं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ बिडी-सिगारेट नको.

गाडी नुकतीच चालून आली असेल तर लगेच तपासू नका. चार्जिंगनंतर काही काळ प्लेटांच्या वरच्या थरात चार्ज राहतो आणि व्होल्टेज उगाच फुगलेलं दिसतं. दोन-तीन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सेल्फ मारायच्या आधी तपासली तर सगळ्यात उत्तम.

पोलवर पांढरी-हिरवी पावडर असेल तर पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवा आणि तारेच्या ब्रशने शिसं चमकेपर्यंत घासा. मग चिमटे लावा, लाल पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला. चांगल्या टेस्टरच्या प्रत्येक चिमट्याचे दोन जबडे आतून वेगळे असतात. एकातून संकेत जातो, दुसरा व्होल्टेज वाचतो. त्यामुळे दोन्ही जबडे शिशाच्या पोलवरच घट्ट बसले पाहिजेत. केबलच्या बोल्टवर किंवा नटावर चिमटा लावला की त्या जोडाचा रेझिस्टन्सही मोजला जातो आणि चांगली बॅटरी कमजोर दिसते. काही गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि बॉनेटखाली नुसता जंप स्टार्टचा पोल दिलेला असतो. तिथून केलेली टेस्ट धरू नका, डिकी उघडा.

आता यंत्र प्रश्न विचारायला लागेल. बहुतेक ठिकाणी इथेच घाई होते, आणि मला सगळ्यात जास्त राग याच घाईचा येतो.

पहिला प्रश्न बॅटरीच्या प्रकाराचा. साधी पाण्याची किंवा मेंटेनन्स फ्री बॅटरी असेल तर रेग्युलर किंवा फ्लडेड निवडा. स्टार्ट-स्टॉपच्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाडीत ईएफबी किंवा एजीएम या खास प्रकारची असू शकते, आणि ते बॅटरीवर लिहिलेलं असतं. अंदाजाने बटण दाबू नका.

दुसरा प्रश्न स्टँडर्डचा. सीसीए म्हणजे उणे १८ अंशांच्या थंडीत बॅटरी किती करंट देऊ शकते त्याचा आकडा, पण तो काढायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. अमेरिकन एसएई पद्धतीत ३० सेकंद करंट काढून व्होल्टेज ७.२ च्या वर राहावं लागतं. युरोपियन ईएनमध्ये पहिल्या १० सेकंदांना ७.५ ची अट आहे. जुन्या जर्मन डीआयएनची अट फारच कडक, त्यामुळे त्याच बॅटरीचा डीआयएन आकडा एसएईच्या साधारण ६० टक्केच भरतो. समजा, बॅटरीवर एसएई ५०० लिहिलंय आणि तुम्ही स्टँडर्ड डीआयएन ठेवून ५०० घातले. धडधाकट बॅटरीसुद्धा नापास होईल. उलट, डीआयएनचा ३०० आकडा एसएईत घातला तर मरायला टेकलेली बॅटरी पास होईल आणि तुम्ही समृद्धी महामार्गावर अडकाल.

तिसरा प्रश्न खुद्द आकड्याचा. आपल्याकडच्या अनेक बॅटऱ्यांवर सीसीए ठळक छापलेलाच नसतो, फक्त ३५ एएच आणि ३८बी२०एल असा कोड असतो. मग कोणीतरी सीसीएच्या जागी ३५ घालायला जातं, नाहीतर यंत्रात आधीच दिसणारा ५०० तसाच ठेवून ओके दाबतं. एएच (अँपिअर-अवर) म्हणजे बॅटरीतला एकूण साठा, सीसीए म्हणजे एका झटक्यात मिळणारा करंट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३८बी२०एल हा जपानी जेआयएस कोड आहे. ३८ हा क्षमतेचा दर्जा (तो एएच नव्हे), बी ही उंची-रुंदीची श्रेणी, २० ही सेंटिमीटरमधली लांबी आणि शेवटचं अक्षर पोल कुठल्या बाजूला ते सांगतं. बऱ्याच टेस्टरमध्ये जेआयएस निवडलं की या कोडची यादीच येते, तिथून तो निवडा. यादी नसेल तर त्याच कंपनीच्या कॅटलॉगमधून त्याच मॉडेलचा सीसीए शोधा. छोट्या ३५ च्या बॅटरीला ५०० च्या मापाने तपासलं, तर शोरूममधून आज आणलेली बॅटरीसुद्धा रिप्लेसच येईल.

एवढं झालं की ओके दाबा. काही सेकंदांत उत्तर येतं.

'गुड' आलं तर विषय संपला. 'गुड, रिचार्ज' म्हणजे बॅटरी शाबूत आहे, उतरलेली आहे. 'चार्ज अँड रिटेस्ट' म्हणजे यंत्र स्वतःच सांगतंय की या अवस्थेत मला निकाल देता येत नाही. तरीही या चिठ्ठीवर लोकांना नवी बॅटरी विकली जाते, हे मी पाहिलेलं आहे. 'बॅड सेल' म्हणजे बॅटरीतल्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) एक बसलाय. अशा वेळी व्होल्टेजही साधारण १०.५ च्या आसपास दिसतं, कारण एका सेलचे दोन-सव्वादोन व्होल्ट गायब झालेले असतात. आणि 'रिप्लेस'.

'रिप्लेस' आलं की आधी त्याच पडद्यावरचं व्होल्टेज बघा. ते १२.४ च्या खाली असेल तर तो निकाल मी कच्चा धरतो. बॅटरी गाडीतून काढा. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. एएचच्या दहाव्या भागाने चार्ज करा, म्हणजे ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. नंतर निदान दोन तास ती नुसती पडू द्या. मग गाडीबाहेरच पुन्हा टेस्ट करा. आताही रिप्लेस आलं तर मी ग्राहकाला बदला म्हणून सांगतो, आणि बिनधास्त सांगतो.

मागच्या जूनमध्ये एक शिक्षिका ताई आल्या होत्या. गाडी उन्हाळी सुट्टीभर दारात उभी होती. दुसरीकडे टेस्ट झाली होती, चिठ्ठीवर ११.७ व्होल्ट आणि रिप्लेस. बॅटरी दोन वर्षांचीच होती. मी ती रात्रभर हळू चार्जिंगला ठेवली. सकाळी मोजली तर टेस्टरवर बॅटरीचं आरोग्य ८८ टक्के. बॅटरी उतरवणारा खरा चोर गाडीत मागाहून बसवलेला जीपीएस ट्रॅकर होता.

चार्जिंगलाही एक मर्यादा आहे. महिनोन्‌महिने उतरलेली राहिलेली बॅटरी कितीही चार्ज केली तरी सल्फेट कडक होऊन बसलेलं असतं. आणि व्होल्टेज आठ-नऊच्याही खाली गेलं असेल तर बरीच स्वस्त यंत्रं सुरूच होत नाहीत, तिथे आधी चार्जर लागतोच.

व्होल्टेज आणि आरोग्य या दोन आकड्यांची गल्लत करू नका. व्होल्टेज बॅटरी किती भरलेली आहे ते सांगतं, आरोग्य ती किती धडधाकट आहे ते. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, ११.९ ला जवळपास रिकामी. हे तक्ते १२६५-१२८० ग्रॅव्हिटीच्या (म्हणजे पाण्याच्या १.२६५-१.२८० पट जड) अॅसिडसाठी असतात. आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी कित्येक बॅटऱ्यांत अॅसिड १२४० च्या आसपास भरतात. अशी बॅटरी पूर्ण भरली तरी साडेबाराच्या जवळच थांबते. यंत्र तिला ८० टक्के चार्ज म्हणालं तर घाबरू नका, ग्रॅव्हिटी बघा.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर ही ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर अजूनही सोन्यासारखा आहे. सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्या. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ५० पॉइंटनी खाली असेल, आणि चार्जिंगनंतरही वर येत नसेल, तर टेस्टर काहीही म्हणो, तो सेल गेलाय. मेंटेनन्स फ्री बॅटरीच्या डोळ्यातला हिरवा ठिपका बघून निश्चिंत होऊ नका. तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

उलटा प्रकारही होतो. व्होल्टेज १२.६, डोळा हिरवा, आणि टेस्टर सीसीए ३०० च्या जागी १४० मोजतो. अशी बॅटरी उन्हाळाभर सेल्फ मारत राहते, कारण गरम इंजिनाला कमी करंट लागतो. डिसेंबरच्या पहिल्या थंड सकाळी गाडी उठत नाही आणि लोक थंडीला दोष देतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ वर जातो. बॉनेटखाली त्याहून जास्त. जाळी गंजणं आणि पाणी उडणं हे सगळं तेव्हाच झालेलं असतं.

बॅटरी पास झाली तरी गाडी जड उठत असेल तर टेस्टरमधली क्रँकिंग टेस्ट लावा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. आरोग्य चांगलं असून व्होल्टेज कोसळत असेल तर सेल्फचे बुश-कार्बन आणि अर्थिंग बघा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरी इंजिनवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थची केबल खराब आहे, बॅटरीचा काही दोष नाही.

मग चार्जिंग टेस्ट. इंजिन दोन हजार आरपीएमवर, हेडलाइट आणि एसी चालू, तरी १३.५ च्या वर मिळायला हवं. साधारण १३.८ ते १४.५ ठीक. साध्या ऑल्टरनेटरच्या गाडीत सतत १५ च्या पुढे जात असेल तर पाणी उडून बॅटरी लवकर संपते. ईसीयूवर (गाडीच्या कंप्युटरवर) चालणाऱ्या ऑल्टरनेटरमध्ये व्होल्टेज मुद्दाम खाली-वर होतं, त्यामुळे नव्या गाडीत एकदाच १२.९ दिसलं म्हणून ऑल्टरनेटर खोलू नका. रिपल, म्हणजे चार्जिंगच्या व्होल्टेजमधली थरथर, अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर ऑल्टरनेटरचे डायोड तपासा.

उभ्या गाडीतली गळतीही एकदा मोजा. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा, गाडीतले सगळे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपू द्या, मग निगेटिव्हच्या केबलला मिलीअँपिअर वाचणारा क्लॅम्प मीटर लावा. ५० मिलीअँपिअर हा नेहमी सांगितला जाणारा वरचा आकडा, पण हिशोब करा: दिवसाला १.२ एएच, महिन्याला ३६. छोट्या गाडीची ३५ ची बॅटरी एवढ्यावरच महिन्याभरात रिकामी होते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा निगेटिव्ह काढून ठेवा.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी या यंत्राच्या सीसीएवर तपासू नका. ती तासन्‌तास थोडा करंट द्यायला बनवलेली असते आणि तिचा खरा निकाल लोड लावून किती वेळ चालते यावरूनच लागतो.

नवी बॅटरी घेतलीत तर दुकानातच काउंटरवर टेस्ट करून मागा. मोजलेला सीसीए लेबलपेक्षा बराचदा जास्त येतो, त्यात गैर काही नाही. तो आकडा, व्होल्टेज आणि तारीख वॉरंटी कार्डाच्या मागे लिहा, छापील चिठ्ठी असेल तर तिचा फोटो काढा, कारण त्या कागदाची शाई काही महिन्यांत उडते. पुढे दर मार्चमध्ये आणि दर ऑक्टोबरमध्ये, शक्यतो सकाळी आणि त्याच सेटिंगवर, पुन्हा मोजा. सहा महिन्यांत आकडा एकदम घसरला तर वॉरंटी संपायच्या आत बॅटरी पूर्ण चार्ज करून दुकानात न्या आणि दोन्ही आकडे समोर ठेवा.