धोकादायक ग्रामीण रस्ता दुरुस्त करून घ्यायचा असेल तर

"रस्ता अत्यंत खराब असून अपघात होत आहेत, तरी त्वरित दुरुस्ती व्हावी" एवढे लिहून खाली दोनशे सह्या घेतल्या आणि वर्तमानपत्राचे कात्रण जोडले की काम होते, असे सांगणारे लोक मला गावोगावी भेटतात. अशा अर्जाला मिळणारे उत्तरही ठरलेले असते: "निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल." सह्या, छायाचित्रे आणि ग्रामसभेचा ठराव ही तयारी झालेली आहे, असे मी येथे गृहीत धरतो. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मात्र आपल्या हाती असू द्यावी.

खरी अडचण पुढे आहे. रस्ता नेमका कोणाच्या ताब्यात आहे, हे कागदावर सिद्ध केल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नये. महाराष्ट्रात ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. हे वाचायला सोपे वाटते, पण रस्त्याची दर्जोन्नती झालेली असते आणि गावाला त्याचा पत्ता नसतो. आमच्या बाबतीत तेच झाले. एक कार्यालय "हा रस्ता आता आमच्याकडे नाही" म्हणत होते, दुसरे "अद्याप हस्तांतरण झालेले नाही" म्हणत होते, आणि या टोलवाटोलवीत आमची पावणेदोन वर्षे गेली. दोन्हीकडे आम्ही तोंडी विचारत राहिलो, ही चूक आमचीच होती.

म्हणून पहिला कागद तक्रारीचा नसावा, माहिती अधिकाराचा असावा. शुल्क 10 रुपये आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तरी 2005 च्या कायद्याच्या कलम 6(3) नुसार त्यांना तो 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवावा लागतो. साध्या तक्रार अर्जाला हे संरक्षण नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा, तेव्हा त्यात गाऱ्हाणे न मांडता एवढेच मागावे: रस्त्याचा दर्जा व क्रमांक, त्याची सुरुवात व शेवट, शेवटच्या कामाचा कार्यारंभ आदेश, काम पूर्ण झाल्याचा दिनांक आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोष ठेकेदारानेच आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो तो दिनांक. हा शेवटचा दिनांक सोन्यासारखा आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्याची देखभाल काम पूर्ण झाल्यापासून 5 वर्षे त्याच ठेकेदाराने करायची असते. ती मुदत चालू असेल तर निधी नसल्याची सबब टिकत नाही.

यानंतर जागा अभियंत्याच्या भाषेत लिहावी लागते. "देवळाजवळचे वळण" असे कोणतेही ठिकाण त्याच्या कागदांत नसते, तेथे "कि.मी. 4/300 ते 4/450", म्हणजे 4 किलोमीटर 300 मीटरपासून 4 किलोमीटर 450 मीटरपर्यंत, असे असते. किलोमीटरच्या दगडापासून, आणि दगड गायब असेल तर जेथून रस्ता सुरू होतो त्या फाट्यापासून, टेप धरून मोजावे. मोटारसायकलच्या मीटरवर विसंबून राहू नये. आम्ही विसंबलो आणि दोनशे मीटरची चूक झाली. पाहणीला आलेले अभियंता अर्जातल्या आकड्याप्रमाणे एका सरळ, चांगल्या तुकड्यावर उभे राहिले, फोटो काढले आणि "रस्ता सुस्थितीत" असा शेरा मारून गेले. तो शेरा खोडून काढायला नव्याने पाहणी लावावी लागली, आणि तिला पुढचा पावसाळा उजाडला.

प्रत्येक दोष वेगळा लिहून त्यापुढे मोजमाप द्यावे. लोक खड्डे मोजत बसतात आणि साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मुरमाची पट्टी, विसरतात. 3.75 मीटर रुंदीच्या रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली की दुचाकीस्वाराला डांबर सोडून खाली उतरावेच लागते. तेथे कडेला नऊ इंचांची पायरी तयार झालेली असेल, तर ती खड्ड्यापेक्षा घातक ठरते. मोजपट्टी त्या कडेला उभी धरून, आकडा वाचता येईल असा फोटो काढावा. मोरीचा तुटलेला कठडा, वळणावर दृष्टी अडवणारी झुडपे, नसलेला सूचनाफलक हे सर्व अशाच रीतीने नोंदवावे. गतिरोधक मात्र सरसकट मागू नये. पांढरे पट्टे पुसले गेलेला गतिरोधक रात्री वळणाच्या तोंडाशी आला, तर तोच माणसे पाडतो.

अपघातांची यादी दिनांक, वेळ, जागा आणि वाहन यांसह करावी, आणि ज्यांची पोलिसांत नोंद आहे ते अपघात वेगळे दाखवावेत. "ब्लॅक स्पॉट" हा शब्द वापरण्याचा मोह टाळावा. राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या व्याख्येत सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू, अशी अट आहे. गावच्या वळणावर ती सहसा पूर्ण होत नाही आणि अर्ज एका ओळीत निकाली निघतो.

अर्ज कार्यकारी अभियंत्याकडे द्यावा, प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी आणि पोचेवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. रास्ता रोकोची घाई करू नये. आश्वासन मिळते, गुन्हे मात्र गावातल्या पोरांवर राहतात.

मंजुरी आल्यावर अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्यावी आणि काम चालू असताना ती हातात घेऊन जागेवर उभे राहावे. डांबर सगळे पाहतात, पण साइडपट्टीचा मुरूम बहुधा नुसता पसरला जातो. त्यावर पाणी मारून रोलर फिरला नसेल तर पहिल्या पावसात तो वाहून जातो आणि नऊ इंचांची पायरी परत उघडी पडते, म्हणून ही हरकत ठेकेदाराचे अंतिम देयक निघण्यापूर्वीच लेखी द्यावी.