पेपर तुमचा, नाव भलत्याचेच: प्रकाशन-यादी करताना या चुका टाळा

प्रमोशनची फाइल उद्या द्यायची आणि त्यातली आपल्या शोधनिबंधांची (पेपरांची) यादी आज रात्री काढायची, हा पुण्यातल्या मेडिकल कॉलेजांत नेहमीचा प्रकार. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, 'जोशी एस' टाकले की ढीगभर पेपर येतात. त्यात दंतवैद्य, शेतीशास्त्रज्ञ, अमेरिकेतले जोशी सगळे असतात आणि मधेच कुठेतरी आपला थॅलेसेमियावरचा पेपर. मग घाईत 'पुणे' हा शब्द जोडला जातो आणि यादी एकदम छान, आटोपशीर दिसायला लागते.

तीच फसगत. पबमेडच्या 2014 पूर्वीच्या बहुतेक नोंदींत पत्ता फक्त पहिल्या लेखकाचा असतो. मुंबईच्या टीमसोबत तुम्ही तिसरे लेखक असाल, तर 'पुणे' जोडताच तो पेपर गळतो. जुन्या पत्त्यांत 'पूना' असते, ते वेगळेच. विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले आल्या 2014 मध्ये; भोसरीच्या 'नारी'चे (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे) नावही आता बदलले आहे. पत्त्यावरून शोधायचेच असेल, तर जुनी-नवी सगळी नावे टाकून पाहा. लेखकांची पूर्ण नावे पबमेडमध्ये 2002 पासूनच्या पेपरांना मिळतात, त्याआधी आद्याक्षरांवरच भिस्त.

खरा घोळ आपल्या नावांच्या रीतीमुळे होतो. आपण फॉर्मवर आडनाव आधी लिहितो. परदेशी जर्नलची प्रणाली शेवटचा शब्द आडनाव समजते आणि वडिलांचे नाव आडनाव होऊन बसते. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचे तर आडनाव आणि मधले आद्याक्षर दोन्ही बदलते, म्हणजे एमडीच्या काळातले पेपर एका व्यक्तीचे आणि नंतरचे दुसरीचे. स्कोपस या पेपर-सूचीवर एकाच लेखकाची अशी दोन-तीन प्रोफाइल सापडली तर ती एकत्र करण्याची विनंती पाठवता येते. ऑर्किड हा संशोधकाचा कायमचा 16 अंकी ओळख-क्रमांक 2012 पासून मिळतो, फुकट आहे, आणि त्यात जुनी नावेही नोंदवता येतात. पहिल्या पेपरच्या आधीच तो घ्यावा. निवृत्ती जवळ आल्यावर घेणारेही पाहिले आहेत.

रक्तविकार आणि इम्युनॉलॉजीत आणखी एक सापळा आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या वार्षिक परिषदेचे ॲबस्ट्रॅक्ट (संशोधनाचे छोटे सारांश) 'ब्लड' या जर्नलच्या पुरवणी अंकात छापले जातात. त्यांना डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) असतो, गूगल स्कॉलर ते उचलते, आणि यादीत ऐटीत 'ब्लड' लिहिलेले दिसते. पण तो पूर्ण पेपर नव्हे. 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'तही परिषदेचे ॲबस्ट्रॅक्ट असेच येतात. संदर्भात 'सप्लिमेंट' दिसले की थांबा, पबमेड क्रमांक शोधा. तो नसेल तर नोंद 'परिषदेतील सादरीकरण' या मथळ्याखाली टाका. मुद्दाम फसवणारे थोडे असतात, पण परीक्षक मुद्दाम आणि नकळत यांत फरक करत बसत नाही. मेडआर्काइव्ह या संकेतस्थळावरचा प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचा मसुदा) आणि नंतर छापलेला तोच पेपर या दोन ओळी होत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

मोठ्या बहुकेंद्री चाचणीत नाव 'सहभागी संशोधक' म्हणून आले असेल, तर पबमेडच्या लेखक-शोधात ते दिसत नाही. 'इन्व्हेस्टिगेटर' या रकान्यात शोधावे लागते. सापडले तरी ते लेखकपद म्हणून मिरवू नये.

पदोन्नतीसाठी नॅशनल मेडिकल कमिशनच्या 2022 च्या नियमांत मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांच्या आकड्यांचे एकत्र विश्लेषण), सिस्टेमॅटिक रिव्ह्यू (पद्धतशीर आढावा) आणि केस सिरीज (अनेक रुग्णांची एकत्र नोंद) एवढेच धरले होते, तेही पहिल्या तीन लेखकांत असाल किंवा करस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) असाल तर. दुर्मीळ ल्युकेमियाची एकेक केस लिहून यादी फुगवणाऱ्यांना तिथून रिकाम्या हाती परतावे लागते. 2025 मध्ये नवे नियम आले आहेत, तेव्हा सीनियरच्या जुन्या फाइलची नक्कल करू नका.

'यूजीसी केअर लिस्टेड, चार दिवसांत स्वीकृती' असे मेसेज व्हॉट्सॲपवर अजून फिरतात. केअर ही मान्य जर्नलांची यादी यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. एच-इंडेक्स (पेपरांची संख्या आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवरून काढलेला आकडा) लिहायचा तर तो स्कोपसचा की गूगल स्कॉलरचा आणि कोणत्या तारखेचा, तेही पुढे लिहा. दोन्हीकडचे आकडे क्वचितच जुळतात. आणि फाइल देण्याआधी प्रत्येक पेपरची पबमेडवरची नोंद एकदा उघडून पाहा. मागे घेतलेल्या पेपरवर तिथे ठळक सूचना असते, आणि ती सहलेखकाला कुणी कळवलेलीच नसते असे होऊ शकते.