श्रावणात दारू सोडणाऱ्याच्या घरच्या माणसांसाठी

गटारीला शेवटची ढोसायची आणि श्रावण लागला की बाटलीला शिवायचं नाही, हे आमच्या इचलकरंजीत दर वर्षी चालतं. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी पिणाऱ्याचं त्यानं काही बिघडत नाही. पण ज्याला सकाळी उठल्या उठल्या घोट लागतो, चहाचा कप धरताना ज्याचा हात हलतो, त्याला अशी एकदम तोडू देऊ नका. आमच्या ह्यांना मी तोडू दिली होती. वर शेजारी पेढे वाटले होते.

पहिल्या दिवशी घाम, मळमळ, थरथर. दुसऱ्या रात्री आकडी. तिसऱ्या दिवशी हे खाटेवर बसून हवेतल्या हवेत तुटलेला धागा जोडायला लागले. माग चालू असल्यासारखे माझ्याशी ओरडून बोलत होते. सासूबाईंनी अंगारा लावला. त्यात अर्धा दिवस गेला. मग दवाखान्यात कळलं, की रोजच्या दारूनं दबून राहिलेला मेंदू ती अचानक बंद झाली की उधळतो. आकडी बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते, असा भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. वेळेवर उपचार नसतील तर माणूस जाऊ शकतो.

म्हणून गटारीच्या आधीच्या आठवड्यातच सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना गाठा. कुठं जायचं कळत नसेल तर १४४४६ वर फोन करा, पैसे लागत नाहीत. जाताना कागदावर लिहून न्या: रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी घेतली, आधी कधी आकडी आली होती का. खरं लिहा. मी लाजेनं ‘एक क्वार्टर’ सांगितलं, होत्या तीन.

डॉक्टरांची भेट मिळेपर्यंत रोजची पूर्ण बंद करू नका. बाटल्या मोरीत ओतणारी मी हे सांगतेय, म्हणजे बघा.

गल्लीत कुणाकडून ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व कमी असतं. ते आधी द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. थरथर थांबवायच्या गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात. त्या तुमच्याकडे ठेवा, मोजून द्या. त्यांच्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावतो. आकडी आली, माणूस भलतंच बोलू लागला, नसलेलं दिसू लागलं, तर १०८.

आणि ते ‘नकळत दारू सोडवा’वालं पाकीट! माझ्या जावेनं भाजीत घातलं होतं. त्यात डायसल्फिराम असेल आणि वरून माणूस प्यायला, तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हे औषध डॉक्टर देतात, पण घेणाऱ्याला सांगून.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळाल्याचं निघालं. बाकीचे घरीच शपथा घेत असणार, गळ्यात माळ घालत असणार. माळेला माझी ना नाही. ह्यांनीही घातली, पण गोळ्या संपल्यावर. पगाराच्या दिवशी मात्र अजून मी कारखान्याच्या दाराशी जाऊन उभी राहते.